बाईंच्याच कानात

आमच्या शाळेतल्या एका बाईंना मुलं ‘काय-दिसते बाई’ म्हणायची. मुलंच कशाला, आम्ही मास्तर मंडळीही म्हणायचो, फक्त त्या खोलीत नसल्याची खात्री करून. बाईंना जन्मापासून दिसत नव्हतं. वर्ग एकदम गप्प झाला की त्या मान तिरकी करून विचारायच्या, “काय दिसून राह्यलं?” पोरगं म्हणायचं, “पाखरू बाई, खिडकीत.” “कोणतं पाखरू?” हा दुसरा प्रश्न तयारच असायचा. अर्धवट उत्तर त्यांना चालत नसे.

घाटंजीच्या त्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या आणि मी संगणक. शाळेची वेबसाइट मीच केलेली, त्यामुळे माझी मान जरा ताठ असे. बाईंच्या फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय होती. एका दुपारी त्यांनी माझी वेबसाइट स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवली. फोन म्हणाला, “चित्र. चित्र. बटण. चित्र.”

“सर, शाळा हाये का फोटो स्टुडिओ? यातलं मले काय समजन?” बाई म्हणाल्या. सगळे हसले. मला ते लागलं.

शिक्का मारलेल्या कागदाचा फोटो काढून मी तोच वेबसाइटवर चढवायचो. शिक्का दिसला म्हणजे सूचना खरी, अशी आमच्या मुख्याध्यापकांची श्रद्धा. बाईंचं म्हणणं एवढंच, की प्रत्येक फोटोमागे वर्णन लिहायची एक चौकट असते, ती भरा. “डोळेवाल्यायले ते दिसत नाई, मलेच ऐकू येते. फोनवर सांगसान तसं लिहा.”

फक्त त्यांनाच ऐकू येतं, एवढंच मी नेमकं लक्षात ठेवलं. झेंडावंदनाच्या फोटोमागे लिहिलं, ‘एक आंधळी बाई, बाकी माणसं.’ दोघातिघांना आधी सांगून ठेवलं आणि आम्ही बाईंच्या तोंडाकडे बघत बसलो. कानातली वायर काढत त्या म्हणाल्या, “बाकी माणसं कोण कोण, तेही ओळीनं लिहा सर. अर्धं वर्णन कामाचं नसते.” आम्ही पोट धरून हसलो. आठवलं की आजही स्वतःची किळस येते.

पुढे पटसंख्या घटली आणि बाई अतिरिक्त ठरल्या, म्हणजे दुसऱ्या शाळेत रवानगी. जवळची शाळा हवी असेल तर चार दिवसांत अर्ज द्यायचा होता. त्या सूचनेचा कागद मी नेहमीसारखा फोटो काढून चढवला आणि मागे लिहिलं, ‘सूचना’. बाई माझ्या टेबलापाशी आल्या. “सर, त्या सूचनेत काय दिसून राह्यलं?”

मी डबा खात होतो. “नेहमीचंच आहे हो,” म्हणालो.

मुदत टळली. बाईंना वणीच्या पलीकडची शाळा मिळाली, दोन एसट्या बदलून जायची. त्यांनी तक्रार केली. सुनावणीत शिक्षण खात्याच्या साहेबांनी विचारलं, सूचना वेबसाइटवर होती का? मी ‘होती’ असं लिहून सही केली.

“होती. एका शब्दाची होती,” बाई म्हणाल्या. “सरले इचारलंबी होतं मी.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “मला आठवत नाही,” मी म्हणालो. तक्रार निकालात निघाली.

निरोपाच्या फोटोमागे मात्र मी सगळं लिहिलं. कोण कुठे उभं आहे, बाईंच्या हातातला नारळ, शालीचा हिरवा रंग. आणि शेवटी, ‘डाव्या टोकाला मी. बाईंनी मला विचारलं होतं. मला आठवत होतं. माफ करा.’

आठवड्याभरानं त्यांचा फोन आला. मागे एसटीचा खडखडाट होता. “ऐकलं सर. वर्णन चांगलं जमलं आता,” त्या म्हणाल्या. मी मोकळा श्वास घेणार, तेवढ्यात त्यांनी शांतपणे पुढे विचारलं, “चिडवलंबी माह्याच कानात, अन् माफीबी माह्याच कानात. तुमच्या स्टाफरूमले त्या फोटोत काय दिसून राह्यलं?”

“नारळ, बाई. शाल.”

“अन्?”

मी फोन ठेवून दिला.