रिकामा डबा परत कसा करायचा

जपानमधल्या उरायासुतली आमची इमारत जुनी, लिफ्ट नसलेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि तळमजल्यावर एक ऐंशीच्या पुढच्या आजी, एकट्या. कचऱ्यात बाटल्या कुठल्या दिवशी टाकायच्या, प्लास्टिक कुठल्या दिवशी, हे मला बारा वर्षांत जमलेलं नाही. माझ्या चुकलेल्या कचऱ्याच्या पिशव्या आजी गुपचूप पुन्हा वेगळ्या करून ठेवतात, हे कळल्यावर बायकोनं दिवाळीत त्यांना स्टीलच्या डब्यातून बेसनाचे लाडू पाठवले. इथपर्यंत माझी काही चूक नव्हती.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात आजी. आमचा डबा चकचकीत घासलेला, त्यात संत्री. शिवाय त्यांचा स्वतःचा, रुमालात बांधलेला डबा, त्यात साखरेत शिजवलेले काळे घेवडे. घेतलेल्या वस्तूची परतभेट द्यायचीच, हा इथला रिवाज. आणि भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हा आमच्या घरचा. त्यांच्या डब्यातून शंकरपाळे गेले. त्यावर तांदळाची खारी बिस्किटं आली. मग चिवडा, मग मोची नावाचे तांदळाचे मऊ गोळे, मग नारळाच्या वड्या. आमचा एक डबा कायम त्यांच्याकडे, त्यांचा एक आमच्याकडे.

मी तर फुशारलोच. पुण्याला फोनवर भावाला म्हणालो, "जपानी माणूस अलिप्त म्हणे! आमच्या जिन्यात येऊन बघ." लोकांना जवळ करण्याची कला आपल्याकडे आहे, अशी माझी समजूत होती. जिने कोण चढतंय हे मी पाहिलंच नव्हतं, कारण मी ऑफिसात असायचो.

मार्चमधल्या एका शनिवारी पावसात स्टेशनजवळच्या दुकानात गेलो, तर आजी मिठाईच्या खोक्यांसमोर उभ्या. एका हातात काठी. एक खोकं उचलत, मागची किंमत बघत, परत ठेवत. मग वाकून गुडघा चोळला. मी हाक मारणार होतो. का कोण जाणे, न मारता बाहेर आलो.

घरी सांगितलं, तर आमची बारा वर्षांची लेक नेहमीप्रमाणे जपानीत म्हणाली, "मग? डॉक्टरांनी त्यांना जिने चढायला बंदी केलीय."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. आपला डबा दिसला की आता परत काय द्यायचं, याची त्यांना धास्ती बसते."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"तुम्ही दोघं इतके खूश होता, बाबा."

बायको आणि मी हिशेब करायला बसलो. आता एकदम पाठवणं थांबवलं, तर आपलं काही चुकलं म्हणून आजी झुरतील. पाठवत राहिलो, तर गुडघा जाईल. त्यांचा डबा आमच्या ओट्यावर वाट बघत होता.

"रिकामा देऊन ये," मी बायकोला म्हणालो.

"मी? माझ्या हातून नाही व्हायचं. तुझी कल्पना, तूच जा. तोंड वर करून भावाला फोन केलास ना?"

बायकोनं डबा रुमालात बांधून दिला. मी जिन्यात जपानी भाषण घोकत उतरलो. आजींनी दार उघडलं, डबा दोन्ही हातांत घेतला, आणि त्याचं वजन त्यांना कळलेलं मला दिसलं. भाषण गेलं.

"आज... रिकामा आहे," मी म्हणालो.

आजींनी गाठ सोडली, झाकण काढलं. तळाशी चिमूटभर साखर. बायकोला राहवलं नव्हतं.

आजींनी डबा उजेडात धरून साखर पाहिली. मग हळूच, जरा घाबरतच, विचारलं, "याची परतभेट काय असते?"

"एवढ्याला नसते," मी म्हणालो. "डबा रिकामा जाऊ नये म्हणून घालतात. फक्त तेवढ्यासाठी. आणि आजी, यापुढे तुम्ही वर येऊ नका. चहाला आम्हीच खाली येऊ."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. हसल्या असाव्यात. "थांबा," म्हणून भिंतीला धरत आत गेल्या आणि आमचा स्टीलचा डबा घेऊन आल्या. तो दोन आठवडे घासून तयार होता, म्हणाल्या. आत ठेवायला काही आणणं झालं नव्हतं, म्हणून लाज वाटत होती. डबा माझ्या हातात देताना वाकायला गेल्या. मी आधी वाकलो, इतका की डोकं त्यांच्या चपलांच्या कपाटाला आपटलं.

वर येताच बायकोनं डबा घेतला, हलवून पाहिला. "रिकामा दिला? खरंच?" तिचा आवाज जरा दुखावल्यासारखा.

तिनं झाकण काढलं. इथली साखर ओलसर असते. तळाशी आजींनी घातलेल्या चिमूटभर साखरेचा छोटासा खडा होऊन बसला होता.

लेकीनं तो बोटानं उचलून तोंडात टाकला. "एवढीशीच?" ती म्हणाली. मराठीत.

"एवढीच असते," बायको म्हणाली आणि डबा फळीवर ठेवला.