सशासकट सांगलीला

मे महिन्यात वडिलांची साताऱ्याहून सांगलीला बदली झाली, तेव्हा माझ्याकडे एक पांढरा ससा होता. त्याचा मागचा डावा पाय जन्मापासून अधू होता. आमच्या गल्लीतले एक पेन्शनर सुभेदार ससे पाळत, ते खाण्यासाठी. हे पिल्लू वाढत नव्हतं म्हणून त्यांनी ते मला देऊन टाकलं. मी अकरा वर्षांची होते. आम्ही त्याला नाव ठेवलं नव्हतं. घरात सगळे त्याला ससाच म्हणत.

वडील सरकारी मोजणीदार होते. सांगलीत त्यांना तीन ठिकाणी जागा नाकारली गेली होती. आमचं घर बौद्ध; धम्म घेऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. चौथ्या ठिकाणी दोन खोल्या मिळत होत्या. घरमालक हळदीचे व्यापारी होते, जैन. कचेरीतल्या एका हितचिंतकाने सुचवलं होतं, मालक विचारेपर्यंत काही बोलू नका. वडिलांनी मालकांनी विचारायच्या आधीच सांगितलं. मालकांनी एकच अट घातली: घरात मटण-मासे शिजवायचे नाहीत. वडिलांनी अट मान्य केली. बाहेर आम्ही खातो, हेही सांगितलं.

घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "लपवून मिळालेल्या घरात रोज दार लावून बसावं लागतं. त्यापेक्षा न मिळालेलं बरं." मी तिथेच बसून सशाला मेथीच्या काड्या देत होते.

जड सामान ट्रकने पुढे गेलं. आम्हा तिघांची सोय एका टॅक्सीत झाली. टॅक्सीवाला फौजेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. एक वऱ्हाड आणायला त्याची गाडी सांगलीला रिकामी जाणार होती. सशासाठी आईने कोंबड्या झाकायचं डालगं काढलं, त्याच्या तोंडाला पोतं शिवून बूड केलं. ससा न्यायचा की नाही याची चर्चा घरात झालीच नव्हती. कुणी नको म्हणालं नाही, म्हणजे न्यायचा, असं मी धरून चालले.

सकाळी सातला निघालो. टपावर दोन ट्रंका आणि वळकट्या दोरीने बांधलेल्या. डालगं माझ्या मांडीवर.

"वैनी, रस्सा पातळ करावा लागंल," टॅक्सीवाला आरशात बघत म्हणाला. "एकाच मानसाचा माल दिसतोय."

"गाडी बघून चालवा," आई म्हणाली.

कराडपर्यंत ऊन चढलं. उन्हाने ससा लवकर मरतो, हे सुभेदारांनी मला बजावलं होतं. त्याच्या नाकपुड्या भराभर हलू लागल्या आणि कान गरम झाले. गाडीचं पाणीही उकळलं होतं. टॅक्सीवाल्याने नदीच्या अलीकडे गाडी थांबवली, डबा भरून आणला, अर्धा इंजिनात ओतला आणि उरलेला न सांगता माझ्यापुढे धरला. मी पोत्याचा तुकडा भिजवून डालग्यावर टाकला. तिथून पुढे दर तासाला गाडी थांबली. डब्यातलं पाणी दोघांत वाटलं जात होतं.

इस्लामपुरात आत्याकडे जेवण होतं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. हात धुताना ती मला म्हणाली, "ससा हितंच ठीव, बाळ. म्या संभाळते दिवाळीपातूर."

माझ्या लक्षात आलं की हे आधी ठरलेलं आहे. आई भांड्याकडे बघत होती. वडील म्हणाले, "मालक जैन आहेत. दारात डालगं घेऊन उतरलो तर ते काय समजतील? घर हातचं जाईल. दिवाळीला येऊन बघ त्याला."

"दिवाळी लय लांब हाय साहेब," टॅक्सीवाला उंबऱ्यात बसून पान लावत म्हणाला. "मधी आखाड येतो."

आषाढात आमच्याकडे घरोघरी मटण होतं. आत्या हसली. तो चेष्टा करत होता आणि खरंही बोलत होता. आत्या वाईट नव्हती. पण तिच्या अंगणात पाळलेलं काहीच आखाडाच्या पुढे गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी डालगं उचललं, गाडीत जाऊन बसले आणि काच वर फिरवली. आत भट्टी होती. वडील आले. काचेवर बोटाने दोनदा वाजवलं.

"उतर."

"नाही."

"तो मरेल आत."

मी चार बोटं काच खाली घेतली. "तुम्ही म्हणालात लपवायचं नाही. मग ससा का लपवायचा?"

वडील मोजणीच्या कामातले. दोन शेजाऱ्यांनी दोन बाजूंनी साखळी ओढली तरी त्यांचा आवाज चढत नसे. तो तेव्हाही चढला नाही. ते काही क्षण उन्हात उभे राहिले, मग पुढचं दार उघडून टॅक्सीवाल्याच्या शेजारी बसले. आत्याला म्हणाले, "येतो गं आक्का." आई माझ्या शेजारी येऊन बसली आणि गाडी निघाली.

सांगलीत पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. गल्लीला हळदीचा वास होता. मालक दारातच थांबले होते. पन्नाशीचे, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी. त्यांनी आईला नमस्कार केला आणि त्यांची नजर माझ्या हातातल्या डालग्यावर गेली.

"काय आणलंय त्यात?"

"ससा," मी म्हणाले आणि पोतं बाजूला केलं.

ते वडिलांकडे वळले. "साहेब, आपलं बोलणं झालं हुतं."

"झालं होतं. हा पाळलेला आहे."

मालक वाकून सशाचा पाय बघू लागले. त्यांचा चेहरा मऊ झाला. "लंगडा दिसतोय. माझं ऐका. आमचं पांजरपोळ हाय. कसायाकडनं सोडवलेली जनावरं असतात तिथं, म्हातारी, लुळी. ह्याला मी स्वतः नेऊन पोचवतो. एक जीव सुटला तर तुमच्या पदरातबी पुण्य पडंल."

त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती. ते खरोखर मदत करत होते.

"सुटला म्हणजे कुणापासून?" वडिलांनी विचारलं.

मालक पुन्हा सशाच्या पायाकडे वळले. वडिलांनी तोच प्रश्न आणखी हळू आवाजात पुन्हा विचारला.

"तसं न्हवं, साहेब."

"तसंच आहे. ही पोरगी साताऱ्यापासून त्याच्यावर ओलं पोतं धरून आली आहे. त्याला आमच्यापासून सोडवायची गरज नाही. अट पाळीन म्हणालो, ती पाळीन. ससा घरात राहील. चालत नसेल तर आत्ताच सांगा." मग ते टॅक्सीवाल्याला म्हणाले, "दोरी सोडू नका."

टॅक्सीवाल्याने टपावरचा हात काढून घेतला. आईला ते घर आमच्यापैकी सगळ्यांत जास्त हवं होतं. ती उतरून उभी होती. ती परत गाडीत जाऊन बसली आणि तिने दार ओढून घेतलं. त्या आवाजाने समोरच्या ओट्यावरची दोन माणसं उठून उभी राहिली.

मालकांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली.

"खातो काय ह्यो?" त्यांनी मला विचारलं.

"गवत. कोबीची पानं. मेथी."

"कांदा?"

"कांदा नाही खात."

"मग आमच्यातलाच झाला की."

टॅक्सीवाला हसला. मी म्हणाले, "नाही. तो आमच्यातला आहे."

त्यावर कुणी हसलं नाही. मालकांनी कोपरीच्या खिशातून किल्ली काढली आणि कुलूप स्वतः उघडलं. वडिलांनी मग दोरी सोडायला सांगितली.

त्या घरात आम्ही चार वर्षं राहिलो. मटण एकदाही शिजलं नाही. आखाडाला आम्ही इस्लामपूरला जात होतो. ससा मागच्या अंगणात असे. मालक बाजारातून येताना त्याच्यासाठी कोबीचा पाला आणत आणि काही न बोलता ठेवून जात. त्यांच्याकडे हळदीची गिऱ्हाइकं आली की मात्र ते त्यांना मागे घेऊन येत आणि सांगत, "ह्यो आमी वाचवलेला ससा." मी घरात असले तर बाहेर येऊन म्हणायचे, "वाचवलेला नाही, पाळलेला."

"तेच की," ते म्हणत.

"तेच नाही," मी म्हणायचे.