सकाळच्या कप्प्यातल्या दोन गोळ्या

माझ्या वहिनीला घरात सगळे तपासनीस म्हणतात. हे नाव मीच ठेवलं आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही. हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीत ती चौदा वर्षं उभी आहे. गोळ्यांचं पाकीट हातात ठेवल्यावरही ती माणसाला सोडत नाही. "आता मला सांगा, कोणती गोळी कधी घेणार?" मागची रांग कुरकुरते, पुढचा माणूस परीक्षेला बसल्यासारखा घाम पुसतो, पण वहिनी ढिम्म.

एकदा एका आजोबांच्या उत्तरातून कळलं, की हेच औषध ते दुसऱ्या डॉक्टरकडूनही घेताहेत. पाकिटावरचं नाव तेवढं वेगळं. तीन आठवडे दुप्पट गोळ्या पोटात जात होत्या. त्या दिवशी वहिनी घरी आली ती धुमसतच.

"खिडकीपर्यंत येईतो उशीर झालेला असतो," ती म्हणाली. "गोळी लिहिली जाते तेव्हाच मला तिथे, खाटेपाशी उभं राहायचंय."

त्यासाठी फार्मसीतली डॉक्टरेट हवी. शिकायला रजा मिळणार होती, पण पंचेचाळिशीच्या आत. वहिनीला चव्वेचाळीस पूर्ण झाली होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

दोन कॉलेजं समोर होती. एक नावाजलेलं. दुसऱ्याचं नाव सांगितलं की लोक विचारायचे, "हे कुठे आलं?"

माझे वडील पहिल्यासाठी हटून बसले. "सूनबाई, मोठं नाव असलं की निम्मं काम होतं." दादाने नेहमीप्रमाणे त्यांच्या होला हो मिळवला.

वहिनीने दोन्ही माहितीपुस्तकं बाजूला सारली. "कॉलेज कसंय ते त्यांच्या हॉस्पिटलच्या खिडकीवर कळतं. भाऊजी, गाडी काढा." आणि बाबांच्या गोळ्यांची यादी तिने पर्समध्ये टाकली.

नावाजलेल्या ठिकाणी चार मिनिटांत पाकीट हातात पडलं. "पुढचे." बस्स. पांढऱ्या कोटातले दोन विद्यार्थी मागे गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"फरशी मात्र चकचकीत होती," मी म्हणालो. वहिनी हसली नाही.

दुसऱ्या ठिकाणी पंखा खडखडत होता आणि खिडकीत शेवटच्या वर्षाची एक किडकिडीत मुलगी होती. तिने यादी दोनदा वाचली. "कोणासाठी आहेत या, काकू?"

"सासऱ्यांसाठी."

"कोणती गोळी कधी घेतात?"

वहिनीचा चेहरा खुलला. तिला हवा तो प्रश्न आला होता. "थायरॉइडची सकाळी उठल्याबरोबर. कॅल्शियमचीही सकाळी..." आणि ती थांबली.

"दोन्ही एकदम?" मुलीने विचारलं. "मग थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही, काकू. मध्ये चार तास जाऊ द्यावे लागतात. त्यांना थकवा येतो का?"

बाबा आठ महिने खुर्चीतून हलले नव्हते. आम्ही सगळे वयावर खापर फोडत होतो. डॉक्टरांनी थायरॉइडचा डोस दोनदा वाढवला होता. आणि गोळ्यांची डबी दर रविवारी वहिनीच भरायची. कॅल्शियम नंतर सुरू झालं, सकाळच्या कप्प्यात जागा होती, तिने तिथे टाकलं. चार तासांचा नियम ती झोपेतसुद्धा सांगेल. पण खिडकीतला प्रश्न तिने घरच्या माणसाला कधी विचारलाच नव्हता.

मुलीने यादीवर वेळा लिहिल्या. "आता मला सांगा, कशा देणार?"

वहिनीचे कान लाल झाले होते. तिने हळू आवाजात एकेक गोळी सांगितली. मागे रांग कुरकुरत होती. मला तिची फार दया आली, आणि चिडवायची संधी पहिल्यांदाच मी सोडून दिली.

घरी येऊन तिने डबी बाबांसमोर टेबलावर उपडी केली आणि काहीही न लपवता सांगितलं. "चुकलं माझं, बाबा."

बाबांनी एक गोळी उचलून उलटसुलट पाहिली. "म्हणजे मी म्हातारा झालेलो नाही?"

"झालात. पण इतके नाही," वहिनी म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

मग तिथेच बसून तिने दुसऱ्या कॉलेजचा अर्ज भरला. 'हे महाविद्यालय का निवडले?' या प्रश्नाखाली पाच ओळी होत्या. तिने एकच लिहिली : इथल्या विद्यार्थिनीने माझी चूक पकडली.

"असं कोणी अर्जात लिहितं का?" दादा वैतागला. "नाकारतील."

"यासाठी नाकारलं, तर ते कॉलेज मलाही नको."

बाबांनी चष्मा लावून अर्ज वाचला. "कधी द्यायचाय?"

"उद्या सकाळी."

"मला उठव," बाबा म्हणाले. "मी येतो. त्या मुलीला बघायचंय."