हौदाभोवतीची भिंत

वलवणच्या बाजूला मुंबईकरांचे बंगले वाढले, तशी बागेत आंघोळीचा हौद बांधायची हौसही वाढली. कुणाला गार पाण्याचा हवा, कुणाला भट्टीवर तापवलेल्या पाण्याचा. मी तेव्हा नगरपालिकेत ओव्हरसियर होतो. हौदाचा अर्ज आला की टेप घेऊन जायचं आणि नियमांवर बोट ठेवायचं. विहिरीपासून अंतर किती, सांडपाणी कुठे जातं, भट्टीजवळ लाकूडकाम नाही ना. शेवटचा नियम माझ्या आग्रहाने आला होता: हौदाभोवती तीन फूट उंचीची अखंड भिंत. मध्ये फट नाही, दार नाही.

त्याला कारण होतं. एका बंगल्यात माळ्याची दीड वर्षाची पोर कमळांच्या हौदात बुडाली. पंचनाम्याला मी हजर होतो. पाणी माझ्या गुडघ्याएवढंही नव्हतं. तेव्हापासून भिंतीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नसे. शेठ लोक चहा पाजत, बागेची शोभा जाते म्हणत, वरच्या ओळखी सांगत. मी चहा पिऊन अर्ज नामंजूर करायचो. याची मला घमेंड होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग आईचे गुडघे गेले. आंदर मावळातल्या आमच्या गावी तिने उभा जन्म दुसऱ्यांच्या खाचरांत भाताची लावणी केली होती, गुडघाभर गार चिखलात. डॉक्टर म्हणाले, रोज कोमट पाण्यात छातीपर्यंत बसवा, नाहीतर वर्षभरात अंथरूण धरतील. म्हणून घरामागे लहानसा हौद बांधायचं ठरवलं. अर्ज मीच लिहिला, मीच तपासला. पाहणीला टेप घेऊन घरी आलो तेव्हा आई ओट्यावरून सुनेला म्हणाली, "सायेब आलं गं. च्या टाक, पर उपेग न्हाई व्हायचा."

गवंडी आमच्याच भागातला, म्हातारा. जमिनीत खोल हौद, आत उतरायला पायऱ्या, भोवती अखंड भिंत, असं त्याला सांगितलं. त्याने भिंतीच्या आखणीकडे बघितलं, ओट्यावर बसलेल्या आईकडे बघितलं.

"सायेब, भित मोजली तुमी. म्हातारीचा पाय किती उचलतो, त्ये मोजलं का?"

"बाहेरूनही दोन पायऱ्या करा, आबा," मी म्हणालो.

पहिल्या दिवशी दोन पिंपं तापवून हौद भरला. आई भिंतीला धरून दुसऱ्या पायरीपर्यंत चढली. पाय काही भिंतीवरून जाईना. मी उचलून आत ठेवतो म्हणालो तर फटकन म्हणाली, "मी काय पोतं हाय का?" आणि तशीच खाली उतरली.

त्यावर आम्ही तोडगा काढला. भिंतीबाहेर स्टूल मांडायचं, त्यावर आईने बसायचं आणि बायकोने आतलं पाणी बादलीने उपसून तांब्याने तिच्या गुडघ्यांवर ओतायचं. महिनाभर हेच चाललं. नियमही पाळला जातो आणि शेकही मिळतो, म्हणून मी निर्धास्त होतो. आईची चाल मात्र सुधारली नाही. डॉक्टरांनी विचारलं, पाण्यात बसतात ना? मी हो म्हणालो.

एका रविवारी बायको माहेरी गेली होती, म्हणून पाणी ओतायला मी उभा राहिलो. मी वर पायरीवर, आई खाली स्टुलावर. ती बराच वेळ माझ्या हातातल्या तांब्याकडे बघत होती.

"गावाला बी असंच व्हतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "वरच्या इहिरीला आमी हात लावायचा न्हाई. घागर घिऊन खाली बसायचं. कुनाला दया आली, तर वरनं वतायचं." मग म्हणाली, "हितं वतनारा माजा ल्योक हाय, येवढाच फरक."

धम्मदीक्षा घेऊन आम्हाला तोवर दहाएक वर्षं झाली होती. पगार होता, घर पक्कं होतं, नळ दारात होता. मला इतकी लाज वाटली की तांब्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं. तो पहार घेऊनच आला. एका बाजूची भिंत फोडून त्याने तिथे तेवढंच उंच लाकडी दार बसवलं. कडी आतून, बरीच खाली. मोठ्या माणसाने वरून हात घातला तरच लागेल, लहान पोराला सापडायची नाही. हे मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं. नियम बदलावा म्हणून मी टिपण दिलं. तो बदलेपर्यंत आमचा हौद बेकायदा, तेव्हा रीतसर नोटीस काढली. देणार मी, घेणार मी, दोन्हीकडे माझीच सही. कचेरीत सगळे पोट धरून हसले.

दार बसल्यावर पहिल्याच सकाळी आईने वरून हात घालून स्वतः कडी काढली. दार लावून घेतलं. भिंतीला धरून एकेक पायरी उतरत गेली आणि लुगड्यासकट छातीपर्यंत पाण्यात बसली. डोळे मिटले. मी बाहेर उभा होतो. अर्धा तास झाला, पाऊण झाला.

"आई, पाणी गार झालं असेल. ऊठ आता."

"गार झालं तर हू दे," ती डोळे न उघडताच म्हणाली. "कुनी उठवतंय का मला हितनं?"

मी पिंपाखाली आणखी दोन लाकडं सारली.