ओळखा, कुठं होतं?

माझे भावोजी रफूगार. फाटलेल्या कपड्याच्याच आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि त्या धाग्यानं भोक असं विणून टाकायचं की कापडालासुद्धा आठवू नये, हे त्यांचं काम. कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देताना ते एकच वाक्य बोलत, "ओळखा, कुठं होतं?" गिऱ्हाईक उजेडात धरून बघायचं, उलटंपालटं करायचं आणि हरायचं. भावोजी तेवढ्यापुरते हसायचे. एरवी तोंडाला कुलूप. मी त्यांची मेहुणी. दुकानात काजं-बटणं आणि इस्त्री माझ्याकडे, आणि गिऱ्हाइकांशी भांडायचं खातंही माझ्याकडेच.

माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती. पाय गेले, हात राहिले. त्या हातांनी ती व्हिडिओ गेम खेळायची. आगीत जग संपून गेलंय, शहरं पडलीत, बसगाड्या गंजल्यात आणि त्यातून एक बाई एकटीच चाललीय, असला तो खेळ. या वयात ही कसली थेरं, असं मी तोंडावर म्हणायचे. पण खरं सांगायचं तर आमच्या घरात सगळ्यात जास्त पायपीट तीच करायची.

त्या बाईच्या अंगात नावाड्याचा कोट होता. शिडाचं कापड, रेनकोटचे तुकडे आणि बसच्या सीटचं रेक्झिन जोडून केलेला. अख्ख्या खेळात तसा एकच. एका बुडालेल्या नावेच्या तळाशी तो ताईला सापडला, तेव्हा तिनं मला हाका मारमारून बोलावलं, आणि त्या नादात मी एका गिऱ्हाइकाची बाही जाळली. वापरेल तसा तो कोट फाटत जायचा. कुत्र्यानं ओढला तिथं एक चीर, तारेत अडकला तिथं दुसरी. आज कुठं फाटला, ते ताई रोज संध्याकाळी भावोजींना सांगायची. ते सुईत दोरा ओवत "हं" म्हणायचे.

त्याच सुमारास तिच्या तपकिरी स्वेटरच्या कोपराला भोक पडलं. "अहो, माझा नंबर कधी लागणार?" ती विचारायची. "लावतो," ते म्हणायचे. सगळ्या गावाचं रफू करणारा माणूस आणि बायकोचं कोपर उघडं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नंबर लागायच्या आत ताई गेली.

भावोजी रडले नाहीत. थोड्या दिवसांनी दुकान उघडलं, काम सुरू केलं. ताटात पडेल ते खायचे. मी एकदा मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही, तरी ना हूं ना चूं. "ओळखा, कुठं होतं?" मात्र बंद झालं. कपडा घडी करून नुसता पुढं सरकवायचे. ताईचा स्वेटर मला हवा होता, म्हणून तो मीच त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी आतल्या शिवणीतून लोकर काढून सुईत ओवलीसुद्धा. पण सुई आपली स्वेटरला टोचलेलीच.

दुपारी दुकान बंद असलं की ते ताईच्या खोलीत जाऊन खेळ लावायचे. खेळायचे नाहीत. ताईनं सोडलेली ती बाई एका पडक्या पुलापाशी पाठमोरी उभी असायची. वाऱ्यानं कोट हलायचा. हे खुर्चीत बसून तेवढं बघायचे. त्या वेळात मी खोलीत जात नसे.

एका दुपारी आतून हाक आली, "धाकटे, इकडं ये!" आवाज बरा वाटला म्हणून मी पळतच गेले.

"खेळातल्या या बाईच्या पिशवीत बघ. रिळंच्या रिळं दोरा, सुया, सगळं आहे. आणि तुझ्या ताईनं कोट तसाच फाटका ठेवला होता," भावोजी म्हणाले. "माझीच वाट बघत असणार. म्हटलं, तिचं एक तरी काम करून टाकावं."

पडद्यावर ती बाई दुरुस्तीच्या टेबलापाशी उभी होती. अंगात कोट नवाकोरा.

"ओळख, कुठं होतं?" कित्येक दिवसांनी ते हसत होते.

मला काही हसू येईना. कारण ताई मला म्हणाली होती, "दोरा आहे गं, पण मी शिवत नाही. मी कुठं कुठं जाऊन आले, ते त्यावर दिसतं. या खोलीतून तर मला कुठं जाता येत नाही." हे भावोजींना सांगू नये, असं मनात आलं खरं. पण माझं तोंड कधी माझं ऐकतं? सांगून मोकळी झाले.

त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं.

"मग परत आधीसारखं करता येतं?"

"नाही. खेळ आपोआप साठवला जातो. आधीचं पुसून."

ते उठून पडद्याजवळ गेले. कोटावर बोट ठेवलं. "इथं कुत्रा." बोट सरकलं. "इथं तार." मग बोट कोटभर फिरत राहिलं, कुठंच थांबेना.

"अजून कुठं कुठं होतं गं?"

"मला काय माहीत? ती तुम्हालाच सांगायची."

"हो," ते म्हणाले. "रोज सांगायची."

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. मग ते खेळ बंद करून हात धुवून आले.

संध्याकाळी दुकान उघडल्यावर त्यांनी ताईचा स्वेटर पुढ्यात ओढला. मला वाटलं, आता एकदाचं होतंय. त्यांनी टोचलेली सुई काढली, लोकर बोटाला गुंडाळून स्वेटरच्या खिशात ठेवली आणि स्वेटर माझ्याकडं सरकवला.

"असाच घाल."

"अहो, पण कोपर उघडं पडेल की माझं!"

"पडू दे." त्यांनी त्या भोकात बोट घातलं. "हे एक मला माहीत आहे. पलंगाच्या कडेला इथं टेकून खेळायची."

मी स्वेटर घातला आणि इस्त्री तापायला लावली. कोपराला गार लागत होतं.