गांडुळांचा पाहुणचार

आमची लेक सातवीत असताना शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी एक नवीच टूम काढली. वर्गाचा गांडुळांचा एक टब, आणि तो महिनाभर एकेका मुलीच्या घरी मुक्कामाला. घरच्यांनी भाजीची सालं अन् जुनं, वाळलेलं शेण घालायचं, खत कसं होतं ते बघायचं आणि गांडुळं पुढच्या मुलीच्या हवाली करायची. भोकरदनच्या आमच्या दोन खोल्यांत माणसांनाच जागा पुरत नव्हती, म्हणून टब न्हाणीत ठेवला. मला मेली किळस यायची. लेकीनं मात्र त्यांना जीव लावला. गांडुळं जिवंत परत न्यायची, एवढंच तिच्या डोक्यात.

महिना संपायच्या आठवड्यात धावड्याहून माझे सासरे आले. मामंजींचा उभा जन्म गाईगुरांत गेलेला. शेण या विषयावर ते अख्खी दुपार बोलू शकत, आणि सून म्हणून मला ते ऐकावं लागे. नात वाळकं शेण कुस्करताना दिसली, अन् त्यांना राहवेना.

"पाव्हण्यायला शिळं खाऊ घालून राह्यली का तू?"

"आजोबा, बाईंनी तसंच सांगितलंय."

"बाईच्या घरी गाय हाय का?"

बुधवारी लेक शाळेत गेली तसे ते शेजारच्या गोठ्यातून पाटीभर ताजं शेण घेऊन आले आणि सगळं टबात थापून मोकळे झाले. वर मलाच म्हणाले, "आता बघ, कशी बराबर धष्टपुष्ट होत्यात."

शुक्रवारी सकाळी न्हाणीत पाय ठेवला आणि मी किंचाळलेच. ताजं शेण आतल्या आत तापलं होतं, अन् पाहुणे जीव घेऊन पळाले होते. काही मोरीत, काही बादलीखाली, दोन तर मामंजींच्या वाळत घातलेल्या धोतरावर. निम्मी टबातच मेली होती. मामंजी उकिडवे बसून एकेक वेचू लागले. मला आधी हसू फुटलं, मग ते एकेकावर पाणी शिंपडून हलतंय का ते बघताना दिसले आणि फार वाईट वाटलं. लेकीनं वाळकं शेण भिजवून उरलेली त्यात सोडली. आजोबा मदतीला वाकले, तर तिनं टब स्वतःकडे ओढून घेतला.

शनिवारी मामंजी धुतलेलं धोतर नेसले, टब डोक्यावर घेतला आणि तिच्या मागोमाग शाळेत निघाले. मीही गेले, म्हाताऱ्याचा काय भरवसा. वर्गासमोर उभे राहून ते म्हणाले, "बाई, पोरीची चूक न्हाई. ताजं शेण म्या घातल्तं. पीक जळतं म्हणून वावरात कधी कच्चं शेण टाकलं न्हाई. पण ह्यायला पाव्हणे समजून ताजं वाढलं, तिथंच चुकलो."

टब जिच्या घरी जायचा होता ती मुलगी फिसकन हसली. "कोण गं हे?"

लेक उठली, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"माझे आजोबा," ती म्हणाली. "शेण किती जुनं पाहिजे, ते तुझ्या घरी येऊन हेच सांगतील."