धंतोलीतलं अरुंद दार

ऐंशी सालाच्या आसपास मी रोज धंतोलीतून पायी कचेरीत जात असे. वाटेत फ्रेंच धाटणीचं एक घर होतं, उंच कमानदार खिडक्यांचं. शेजारच्या घरांचे एकेक करून दवाखाने झाले होते.

एका उन्हाळ्याआधी तिथे सुतारकाम निघालं. साठीच्या मालकीणबाई अंगणात खुर्ची टाकून बसत आणि प्रत्येक चौकट बसवण्याआधी स्वतः उठून वितीने मोजत. वाळवी लागलेल्या खिडक्या त्यांनी हुबेहूब तशाच नव्या करून घेतल्या. फक्त कूलर बसेल एवढी एक खिडकी खालून मोकळी ठेवली. समोरचं दोन फळ्यांचं रुंद दार मात्र काढलं, बाजूंनी वीटकाम करून एकाच फळीचं अरुंद दार बसवलं.

मी फाटकाशी थांबून कारण विचारलं.

"इथं रुंद दार ठेवलं का घराचा दवाखाना होते, भाऊ," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांचा वेगळा राहणारा मुलगा एका डॉक्टरांना घर दाखवायला घेऊन आला. डॉक्टरांनी दारात दोन्ही हात पसरून पाहिले. "इथून स्ट्रेचर वळणार नाही. भिंत फोडावी लागेल."

"आई, काय करून राहिली तू हे?" मुलगा ओरडला. "काल घराचा सौदा ठरला माहा यांच्याशी!"

"तुहा ठरला. मले कोनं विचारलं?" बाई शांतपणे म्हणाल्या. "भिंत माह्या नावावर आहे, डॉक्टरसाहेब. आले तसे चहा घेऊन जा."

मग त्या मिस्त्रीकडे वळल्या. "आतली कडी मजबूत लाव गा."